सर्वानुमते दार

कुडपणच्या दत्तारामनं नव्या घराचा पाया खणायच्या आधी भांडणाची मुळं खणून काढली. शेजारच्या गोमाजीचं घर भावाभावांच्या वादात पाच वर्षं अर्धवट उभं होतं आणि माजघरात पपई उगवली होती. आपल्याकडे तसं नको म्हणून दत्तारामनं मुंबईच्या दोन्ही भावांना, अरविंदला आणि किशोरला घेऊन फोनवर ग्रुप काढला. नियम एकच: तिघांचा अंगठा आल्याशिवाय वीट हलणार नाही. गावात रेंज फक्त कड्यावरच्या खडकाला, त्यामुळे घरमालकाचा मुक्काम खडकावरच पडला. बायको रंगूबाई हिच्याकडे फोन नव्हता, म्हणून ती ग्रुपमध्येही नव्हती.

"अवो, दार गोठ्याकडं ठेवा. हंडा घेऊन यायला बरा," ती म्हणाली.

"ग्रुपवर टाकतो," दत्ताराम म्हणाला, आणि विसरला.

पायावर एकमत झालं, खिडक्यांवर झालं. दाराशी मात्र घोडं अडलं. अरविंद म्हणे पूर्वेला, किशोर म्हणे रस्त्याकडे. दत्तारामला कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यानं दोघांनाही अंगठा दिला.

गणपती चार दिवसांवर आले. यंदा बाप्पा नव्या घरात बसेल, असा शब्द त्यानं रंगूबाईला दिला होता. खडकावरून उतरून तो कामावर आला, तर चारी भिंती उभ्या, वर पत्रे, आणि चांगू गवंडी खिडकीतून पाय बाहेर टाकतोय.

"चांगू, दार कुठं रे?"

"ठरलाच नाय ना. ज्याच्यावर वाद नाय, तेवढा सगळा बांधला."

"मंग बाप्पाला काय खिडकीतनं आणू?"

"ता ग्रुपवर इचारा."

दत्ताराम रडकुंडीला येऊन पुन्हा खडकावर पळाला. बघतो तर नवल! किशोरनं माघार घेतली होती. दोघांचेही अंगठे, पूर्वेला! तो धावत खाली आला, तर घराकडून धडाधड आवाज. रंगूबाईनं पदर खोचून चांगूचा घण उचलला होता, आणि गोठ्याकडच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

"अगो, काय केलास! पूर्व ठरली!"

"मी कुठं हाय तुमच्या ग्रुपात?" ती म्हणाली. "चांगू, चौकट बसव रे."

पूर्वेला दुसरं दार काढायला आता दिवस नव्हते. दत्ताराम खडकावर गेला आणि देवाचं नाव घेऊन त्यानं लिहिलं, "ठरल्याप्रमाणे झालं."

चतुर्थीला भाऊ आले. कुडपणवर धुकं असं की हातातला नारळ दिसेना, मग सूर्य कुठल्या बाजूला ते कोण सांगणार. आरती झाल्यावर अरविंद उंबऱ्यात उभा राहिला. "पूर्वेचं दार! आत शिरताच कसं प्रसन्न वाटतं."

"एकमतानं केलं की भांडण होत नाय," किशोर म्हणाला.

दत्ताराम पडला प्रामाणिक माणूस. त्यानं तोंड उघडलं, तोच रंगूबाईनं त्यात गरम मोदक कोंबला.

विसर्जनापर्यंत धुकं काही हटलं नाही. त्याबद्दल दत्तारामनं बाप्पापुढं एक नारळ वेगळा फोडला.