योर्डीचं छत, जुईची पायरी

माणसाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नये, हा विचार ज्यांनी काढला त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. प्रत्यक्ष पाहण्याचे तोटे आता सर्वमान्य आहेत. माणूस समोर आला की हसतो, त्याला घाम येतो, त्याची आई काही घेणार का विचारते, आणि मूल्यमापनाची शिस्त बिघडते. दोन हजार वीस साली महासाथीने ही अडचण जगभरातून एकदम दूर केली. त्याचा लाभ ज्यांना झाला त्यांत नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातली एक कंपनी होती.

ही कंपनी अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांसाठी होतकरू पोरांचं मूल्यमापन करत असे. (बेसबॉल नेदरलँड्समध्येही खेळतात. ही गोष्ट नेदरलँड्समधल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही.) सतरा-अठरा वर्षांच्या पोरांतून दहा वर्षांनी मोठा खेळाडू कोण होईल, हे आज सांगायचं, असं कामाचं स्वरूप. सांगितलेलं चुकलं, हे कळायलाही दहा वर्षं लागतात, त्यामुळे या व्यवसायात आत्मविश्वास चांगला टिकतो.

गुण वीसपासून ऐंशीपर्यंत देतात. शून्य दिलं तर माणुसकी दिसत नाही आणि शंभर दिले तर पोरगं डोक्यावर बसतं, म्हणून दोन्ही टोकं कापलेली. पन्नास म्हणजे ठीक. पस्तीस म्हणजे मुलाने दुसरं काहीतरी शिकून घ्यावं.

श्रीयुत श्यामकांत देवस्थळी या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट होते. मूळचे पुण्याचे, मुक्काम झूटरमेर. बेसबॉलचा एकही सामना त्यांनी पाहिलेला नव्हता. मुलाखतीत त्यांनी तसं सरळ सांगितलं, तेव्हा ‘पूर्वग्रह नाही’ असा शेरा मारून कंपनीने त्यांना तिथल्या तिथे घेतलं. पत्नी मृणालिनी नवऱ्याच्या व्हिसावर आल्या होत्या. पुढे डच शिकून एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला लागल्या होत्या, आणि दवाखाना बंद असल्याने सध्या घरीच होत्या. मुलगी जुई बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र तिच्या सोयीच्या भाषेत मिळायचं.

मार्चमध्ये मैदानं बंद झाली. अमेरिकेतली हौशी खेळाडूंची निवड एरवी चाळीस फेऱ्या चालायची, ती त्या वर्षी पाच फेऱ्यांत उरकायचं ठरलं. जागा कमी, पोरं तेवढीच, आणि सामने एकही नाही. कंपनीचं काम अर्थातच दुप्पट वाढलं.

याच सुमारास श्यामकांतरावांच्या स्क्रीनवर योर्डी मार्टिना आला. वय अठरा, राहणार अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट, घराणं कॅरिबियन समुद्रातल्या कुरसाव बेटावरचं. त्याच्यात एका अमेरिकन क्लबाने रस दाखवला होता. मैदान बंद म्हणून तो इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, भिंतीला उभी केलेली गादी समोर ठेवून चेंडू टाकायचा, आणि आई मोबाइलवर शूटिंग करायची. नियमाप्रमाणे घरच्यांशीही व्हिडिओवर बोलायचं होतं. आई, शर्लाइन, वृद्धाश्रमातली ड्यूटी करून नुकतीच आली होती.

“तुम्ही त्याला मोकळ्यावर टाकताना पाहिलंय का?” तिने विचारलं.

“मॅडम, मैदानं बंद आहेत.”

“मग उघडेपर्यंत थांबा ना. इथे तो वाकून टाकतो. वर ट्यूबलाइट आहेत. एक फुटली, तर सगळी इमारत आमच्यावर ओरडली.”

“थांबणं पद्धतीत बसत नाही,” श्यामकांतराव सौम्यपणे म्हणाले.

खेळाडू जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल, त्याला या धंद्यात त्याचं ‘छत’ म्हणतात. श्यामकांतरावांनी अहवालात लिहिलं: ‘छत कमी.’ वास्तूच्या दृष्टीनेही हे निरीक्षण अचूक होतं. एकूण गुण पस्तीस. मग ते जेवायला गेले.

जेवणाच्या टेबलावर जुईचा विषय होता. नेदरलँड्समध्ये बारा वर्षांच्या मुलाने पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं, हे प्राथमिक शाळेच्या बाई ठरवतात. वरची पायरी वेवेओ, तिथून विद्यापीठ. मधली हावो. खालच्या पायरीवर हाताने काम करणारी माणसं तयार होतात, ज्यांनी घरी येऊन नळ दुरुस्त करावा म्हणून वरच्या पायरीवरची माणसं तीन-तीन आठवडे वाट पाहतात. झूटरमेरच्या मराठी मंडळींत वेवेओ ही पायरी नसून किमान सभ्यता आहे.

फेब्रुवारीत जुईच्या मार्लूसबाईंनी हावो सुचवलं होतं. तेव्हा श्यामकांतराव डगमगले नव्हते. एप्रिलमध्ये राष्ट्रीय चाचणी होती, तिच्यात गुण चांगले पडले की शाळेला फेरविचार करावा लागतो. मार्चमध्ये ती चाचणीच रद्द झाली. उरलं ते बाईंचं मत.

शाळेशी व्हिडिओ कॉल झाला.

“मुलीच्या आयुष्याचा निर्णय तुम्ही चाचणीशिवाय कसा घेता?” श्यामकांतरावांचा आवाज चढला. “हे निव्वळ तुमचं इम्प्रेशन आहे!”

“मी तिला दोन वर्षं रोज पाहते आहे,” मार्लूसबाई म्हणाल्या. “जुई गोड मुलगी आहे. विचार करून बोलते. थोडा वेळ घेते. हावोमध्ये ती आनंदात राहील, असं मला वाटतं.”

“वाटतं म्हणजे? आकडा काय आहे?”

कॉल संपल्यावर मृणालिनींनी ताटं आवरली. मग म्हणाल्या, “श्याम, त्या बाईंनी निदान पोरीला पाहिलंय.”

“म्हणजे काय?”

“काही नाही. त्या पार्किंगमधल्या मुलाला किती दिलेस?”

“खेळाडूंची माहिती गोपनीय असते,” असं म्हणून श्यामकांतराव उठले.

त्या आठवड्यात त्यांनी कंपनीचं मॉडेल जुईवर चालवलं. धावण्याच्या वेगाच्या जागी वाचनाचा वेग घेतला, फटक्याच्या ताकदीच्या जागी गणित, आणि क्षेत्ररक्षणाच्या जागी (बराच विचार करून) खोली आवरणं. उत्तर आलं पंचेचाळीस. स्वतःच्या मुलीला पंचेचाळीस देणारं मॉडेल सदोष असतं, हे कोणताही बाप संगणकाशिवाय सांगू शकेल. दोष शोधल्यावर सापडला. मूल घरी एक भाषा बोलतं आणि बाहेर दुसरी, या कष्टाला मॉडेलमध्ये काहीच किंमत नव्हती. श्यामकांतरावांनी ती घातली, आणि जुई पासष्टवर गेली. त्यांनी सुबक आलेख काढून शाळेला पाठवले. आलेख मिळाले, रंग आवडले, असं शाळेने कळवलं.

श्यामकांतराव प्रामाणिक गृहस्थ होते. एकाच मुलीसाठी केलेली सुधारणा हा पक्षपात झाला असता, म्हणून त्यांनी ती सर्वांसाठी तशीच ठेवली. योर्डीच्या घरी पापियामेंतो ही कुरसावची भाषा बोलत. दुसऱ्या दिवशी तो पंचावन्नवर होता.

ब्रेडाहून साहेबांचा, म्हणजे वाउटरचा, कॉल आला. “या मुलात काय बदललं?”

“त्याचा विकास झाला आहे.”

“गुरुवारपासून?”

“या वयात मुलं झपाट्याने वाढतात,” श्यामकांतराव म्हणाले.

पंचावन्न म्हटल्यावर अमेरिकन क्लब खुर्चीत सरसावून बसला. कुणीतरी या मुलाला डोळ्यांनी पाहून या, असा निरोप आला. अमेरिकेतून विमानाने कुणी येऊ शकत नव्हतं. ब्रेडातल्या जाणकारांनी तब्येतीची कारणं दिली. जूनमध्ये मैदानं उघडली, आणि बेसबॉल न पाहिलेले श्यामकांतराव बेसबॉल पाहायला निघाले. मृणालिनींनी जुईलाही बरोबर दिलं. तीन महिने पोरगी घरात कोंडली होती.

झुइडओस्टच्या मैदानावर ऊन होतं. शर्लाइन दीड मीटरवर उभी होती. तिने खुणेनेच नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि पिशवीतून दोन सरबताच्या बाटल्या गवतावर ठेवून मागे सरकली. योर्डी मैदानाच्या मध्यावर गेला, आणि पहिल्यांदाच श्यामकांतरावांना तो सरळ उभा राहिलेला दिसला. चांगला उंच होता. त्याने हात वर नेला, पुरा वर, जिथे पार्किंगमध्ये दिवे असायचे त्याच्याही वर. पुढचं श्यामकांतरावांना दिसलंच नाही. पलीकडे झेलणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये फाडकन आवाज झाला तेवढा ऐकू आला.

“वॉव, बाबा!” जुई म्हणाली.

योर्डी पुन्हा टाकत राहिला. वेग मोजायचं यंत्र श्यामकांतरावांच्या बॅगेत होतं आणि ते तिथेच राहिलं. त्यांच्या अंगावर काटा आला होता. (कंपनीच्या अहवालात यासाठी रकाना नाही.) निघताना शर्लाइनने विचारलं, “आता पाहिलंत ना?” ते म्हणाले, “हो. पाहिलं.”

परतताना मेट्रोत जुई खिडकीशी बसली होती. भिंतीपलीकडून तिने बाबांचे कॉल तीन महिने ऐकले होते. “बाबा, व्हॉट इज माय सीलिंग?”

श्यामकांतरावांनी तोंड उघडलं. मास्क असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

“मला माहीत नाही गं,” ते शेवटी म्हणाले.

“ओके,” जुई म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. “आय लाइक हावो, यू नो. माय फ्रेंड नूर इज ऑल्सो गोइंग.”

हे तिने फेब्रुवारीतही सांगितलं असतं. फेब्रुवारीत विषय गंभीर असल्याने मोठी माणसं बोलत होती.

श्यामकांतरावांनी अहवाल लिहिला. तो व्यावसायिक आयुष्यातला त्यांचा सर्वांत छोटा अहवाल: ‘मुलगा फार सुंदर चेंडू टाकतो. घ्या.’

वाउटरचा कॉल आला. “फार सुंदर म्हणजे किती?”

“ते आकड्यात सांगता येणार नाही.”

“साठ?”

“वाउटर, मी तिथे उभा होतो.”

“तेच तर,” वाउटर हळहळून म्हणाला. “तू प्रभावित झालास.”

आकडा नसलेला अहवाल सिस्टिम स्वीकारत नाही. दरम्यान भाषेची सुधारणाही कंपनीच्या समितीने ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणून काढून टाकली होती. सिस्टिममध्ये शेवटचा अधिकृत आकडा उरला तो पस्तीस. क्लबाने आभार मानले आणि दुसरा मुलगा घेतला. शर्लाइनला श्यामकांतरावांनी स्वतः फोन करून सांगितलं. ती रागावली नाही. “पण तुम्ही तर पाहिलं होतं,” एवढंच दोनदा म्हणाली. त्या दिवशी श्यामकांतराव जेवले नाहीत. योर्डी आता अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका गोदामात पार्सलं लावतो आणि रविवारी झुइडओस्टच्या क्लबात खेळतो. त्याचा चेंडू पाहायला आसपासच्या इमारतींतली माणसं येतात. ती मंडळी तज्ज्ञ नाहीत. कंपनीने श्यामकांतरावांना लेखी ताकीद दिली, की यापुढे कोणत्याही खेळाडूला प्रत्यक्ष पाहू नये.

जुई हावोमध्ये गेली.

(इथे आपण क्षणभर ‘अरेरे’ म्हणालात. त्यासाठी जुईला एकदा तरी भेटावं, असं आपल्याला वाटलं नाही, ही गोष्ट मूल्यमापनाच्या भवितव्याच्या दृष्टीने अत्यंत आश्वासक आहे.)