मातोश्रींच्या आठ तांब्यांची हकीगत

श्रीवरुण प्रसन्न. विनंती ऐसी जे, मनुष्यानें दिवसाकाठीं पाणी किती प्यावें म्हणून आपण पुसिलें, त्यास पोथीचा आधार आमचेजवळ नाहीं, परंतु एका दरबारीं जें वर्तमान घडलें तें ठाऊक आहे, तेंच लिहितों. सावकाश, घसा ओला करून वाचावें.

शके सोळाशें पंचवीस, सुभानुनाम संवत्सरे, चैत्र वद्य एकादशीचे दिवशीं, नदीकांठच्या एका राज्यांत (नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं, पाणी सगळीकडे तेंच) महाराजांच्या मातोश्री ताईसाहेब देवघरांत भोवळ येऊन पडल्या. वय सत्तरीचें, एकादशीस पाणीही वर्ज्य, आणि इतर दिवशींही दोन-चार घोटांवर दिवस काढावयाचा, कारण पाणी प्यालें कीं उठावें लागतें आणि गुडघे तर कधींचे रुसलेले. हें गुपित एकट्या गोमाजी आबदारास ठाऊक होतें. आबदार म्हणजे सरकारच्या पिण्याच्या पाण्याचा राखणदार. हा तीस वर्षें वाळा घालून माठ भरीत होता, आणि माणसाचे ओठ पाहून तांब्या पुढें करी, कोणास मागावें लागूं देत नसे. त्यानेंच धांवत येऊन साखरमिठाचें पाणी पळीपळीनें पाजिलें आणि ताईसाहेबांनीं डोळे उघडिले, आणि पहिला शब्द बोलिल्या तो हा, "मेल्या, एकादशी मोडलीस." तो म्हणाला, "मोडली तर मोडली. पाप माझ्या माथी. आधी गिळा."

महाराज मातृभक्त, फार भ्याले. परमुलखीं शिवरामभट म्हणून नामांकित वैद्य होते, त्यांजकडे सांडणीस्वार रवाना केला आणि दहावे दिवशीं उत्तर आलें. मग दरबार भरला आणि विसाजीपंत चिटणीस उभे राहून खणखणीत वाचूं लागले कीं, "वडील माणसाचे देहास दिवसांत आठ तांबे पाणी अवश्य पाहिजे, उणें पडों देऊं नये. बहुत काय लिहिणें." आतां सर्वांस ठाऊकच आहे कीं 'बहुत काय लिहिणें' आलें कीं पत्र संपलें. तो शब्द कानीं पडतांच मानकरी शेले सांवरतात, आणि पंतांचे हात तर तीस वर्षांच्या संवयीनें आपसूक गुंडाळी करूं लागतात. तैसी गुंडाळी जाहली आणि पत्र दप्तरीं गेलें.

मग हुकूम सुटला कीं प्रहरास दोन याप्रमाणें चार प्रहरांत आठ तांबे मातोश्रींस द्यावे, आणि आई एकटी कशी पिईल म्हणून महाराज आपण प्यावयास लागले, आणि धनी पितात म्हणून दरबारही प्यावयास लागला. महाराज आसनीं असतां दरबार सोडून जाण्याची चाल नाहीं. तेव्हां मोठमोठे सरदार, ज्यांणीं रणीं पाय मागें घेतला नाहीं, ते तिसरे प्रहरीं एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊं लागले. फडणीसांनीं चार परगण्यांचा निवाडा दोन वाक्यांत उरकिला आणि कोणी तक्रार केली नाहीं. हें हंसण्याजोगें होतें. परंतु आंत ताईसाहेबांचें हंसण्याजोगें नव्हतें. त्यांचे पाय सुजले, बोटानें दाबिलें तर खळगा तसाच राही, अन्नावरची वासना गेली, आणि नातवास आपल्या मेलेल्या दिराच्या नांवानें हांका मारूं लागल्या. महाराज घाबरे होऊन म्हणाले, "अजून पाणी कमी पडतें आहे. एक तांब्या वाढवा."

गोमाजी तो वाढीव तांब्या घेऊन आंत गेला. ताईसाहेब त्यास हळूच म्हणाल्या, "पोटात आड खणलाय रे माझ्या. पण सकाळचा तांब्या लेकरू आपल्या हातानं देतं. इतक्या मायेनं समोर बसतं, नाही कसं म्हणू?" आबदारानें धन्याच्या माणसाचें पाणी तोडणें हा विष घालण्याच्या पंक्तीचा गुन्हा, उजवा हात जावयाचा, हें तो जाणत होता. तरी त्या दिवसापासून दिवसाचे पांच तांबे तो गुपचूप अंगणांतल्या तुळशीस घालूं लागला. ताईसाहेबांची सूज किंचित् उतरली, आणि दहा दिवसांत तुळस मात्र पिवळी पडून मान टाकती जाहली. पुजाऱ्यानें माती उकरली तों चिखल. मग चौकशी आणि मग गोमाजी हात बांधून दरबारांत.

महाराज संतापले होते. बोलिले, "आमच्या मातोश्रींचें पाणी तूं ओतून टाकिलेंस?"

"व्हय सरकार. धा दिसांत तुळशीची मुळं कुजली. जी जिमिनीत उभी हाय तिला सोसंना, ते थोरल्या बाईसाहेबांस्नी कसं सोसावं?"

"तूं वैद्य आहेस?"

"न्हाई जी. म्या फकस्त ओठ बघतो."

परंतु आज्ञा ती आज्ञा. शिक्षेपूर्वीं मोडलेली आज्ञा वाचून दाखवावी ऐसी चाल, म्हणोन पत्र आणविलें, आणि पंतांनीं पुन्हां वाचिलें, आणि 'बहुत काय लिहिणें' म्हणून पुन्हां गुंडाळूं लागले. गोमाजी गुडघ्यांवर बसला होता, त्याची नजर कागदाच्या खालच्या अंगास. तो म्हणाला, "पंत, खाली अजून काळं दिसतंय. ती शाई कशाची?"

पंत म्हणाले, "अरे, बहुत काय लिहिणें आलें. संपलें पत्र."

"असंल. पर तळ दिसल्याबिगर म्या माठाला रिता म्हनत न्हाई."

महाराजांनीं खूण केली. पंतांनीं कागद उलगडिला, आणि त्यांचा आवाज उतरत गेला: "बहुत काय लिहिणें ऐसें म्हणतात, परंतु खरें लिहिणें पुढेंच आहे. या आठ तांब्यांत पेजेचें, ताकाचें, आमटीचें, भाजीचें, फळाचें पाणी सर्व धरावें. उरलें तें थोडथोडें द्यावें. उन्हांत वाढवावें, पाय सुजल्यास आवरावें. वृद्धांस आपली तहान उशिरां कळते, म्हणोन जवळ ओठ पाहणारा एक मनुष्य ठेवावा."

दरबारांत कोणी हललें नाहीं, आणि त्या समयीं हलावयाची निकड बहुतेकांस होती. महाराज आसनावरून उतरले, आपल्या हातें गोमाजीच्या दोऱ्या सोडिल्या आणि म्हणाले, "मायेनें आम्ही आंधळे जाहलों होतों." त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें, तेवढें मात्र कोणी मोजिलें नाहीं. पंत खांबासारखे उभे, शरमेनें तोंड वाळलेलें. गोमाजीनें मनगटें चोळलीं, पंतांच्या ओठांकडे पाहिलें आणि आपल्या हातचा त्या दिवसाचा पहिला तांब्या त्यांजपुढें धरिला.

पुढें ताईसाहेबांस आराम पडला, नातवाचें नांव आठवलें, अंगणांत नवी तुळस लाविली, आणि राज्यांत पत्रें शेवटच्या शाईपर्यंत वाचण्याची चाल पडली. तात्पर्य, पाणी किती हें आंकड्यानें कळतें तें अर्धें. देह कोणाचा, ऋतु कोणता, ताटांत काय, हें पाहिल्यावांचून उरलेलें अर्धें कळत नाहीं. बहुत काय लिहिणें.

खालीं अजून शाई आहे ती ऐसी कीं, सहा वर्षांनीं ताईसाहेबांचा अंतकाळ आला, तेव्हां त्यांणीं गोमाजीस बोलाविलें. त्यानें एक पळी पाणी दिधलें. "पुरे," म्हणाल्या. गोमाजीनें एकवार ओठ पाहिले आणि माठावर झांकण ठेविलें.