निजलेला निवडुंग

परबकाकांच्या दारासमोर कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तरी ते संशयाने बघायचे. थेंब त्यांच्या निवडुंगाच्या कुंडीत पडेल, ही भीती.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागूनच. "काका, झाड सुकलंय हो," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "सुकूक नाय, निजलो आसा. उठवू नको."

समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "काटेरी झाड दारात ठेवलं की घरात भांडणं होतात!"

"भांडूक घरात दुसरां आसा कोण?" काका म्हणाले. सगळे हसले. मीही.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात शिकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि ऐकून घेतात ते काकाच. मी सांगितलं, वाळवंटातली अशी झाडं दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून आपली बारीक छिद्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात.

"म्हणजे माझ्यासारखोच," काका म्हणाले. तेही दिवसभर दार लावून बसायचे, ऊन उतरल्यावर उघडायचे. मग म्हणाले, "पण हल्ली रातपण गार होयत नाय. तो श्वास घेतलो कधी?"

हे आमच्या पुस्तकात नव्हतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "हे तुला कोणी विचारलं?"

एप्रिलमध्ये काका आठ दिवस गावी गेले. मी विचारलं, "झाडाचं काय करू?"

"कायच करू नको. जमतला मां?"

मला जमलं नाही. असा उन्हाळा मी कधी पाहिला नव्हता, गॅलरीची लादीसुद्धा पोळायची. मी रोज एक मग पाणी घातलं.

काका आले तेव्हा बुंधा पिवळा, मऊ पडला होता. त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला.

"मी घातलं पाणी," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

"तुझ्या काकीन लावलेलो," एवढंच ते म्हणाले. आतून सुरी आणून त्यांनी शेंड्याचा हिरवा, घट्ट भाग कापून घेतला.

मी माती घेऊन धावले. "लगेच लावू या ना?"

"अगो चेडवा, जखम सुकांदे आधी. ओली जखम मातयेत घातलंस तर कुजतली." मग मुलाबद्दल म्हणाले, "काकी गेली तेव्हा झिल दुसऱ्याच दिवशी म्हणालो, खोली बंद करा, माझ्याकडे चला. तेकाय ह्याच सांगितलंय."

दोन आठवडे तो तुकडा वर्तमानपत्रावर सावलीत पडून होता. काका रोज घाव चाचपून बघायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी तो कोरड्या मातीत लावला आणि कुंडी उचलून आमच्या दारात ठेवली.

"काका, आमच्याकडे भांडणं होतील!"

"होवंदेत. पाणी घालताना दिसलंस काय मीच येतलंय भांडूक."

हल्ली त्यांचं दार दुपारीही थोडं उघडं असतं. लक्ष ठेवायला, असं म्हणतात.