सव्वीस वर्षांचं मौन आणि एक मिनिट

चौदा ऑगस्टला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी झानिस आणि आल्फोन्स हे दोन सख्खे भाऊ सव्वीस वर्षांनी एकमेकांशी बोलले. दिग्दर्शक रेनार्सने तिथल्या तिथे ठरवलं, की असं काही झालेलं नाही. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर, झानिस आणि आल्फोन्स एकमेकांशी बोलत नसत. वेयराग्स गावात अकरा घरं, त्यांतली सात बंद. उरलेल्या चारांतल्या एका घराला दोन दारं होती. डावीकडच्या दाराने झानिस बाहेर यायचा, उजवीकडच्या दाराने आल्फोन्स. दोघांना समुद्र सारखाच दिसायचा, फक्त एकाला थोडा डावीकडून.

ब्याण्णव साली सरकारी मच्छीमार संघ मोडला. ज्याला जे मिळेल ते त्याने घरी नेलं. या दोघांच्या वाट्याला मिळून एक होडी आली. ती वाटून घ्यायची ठरली, तेव्हा दोघांनाही होडीचं तोंड हवं होतं, शेपूट कोणालाच नको होती. तीन आठवडे वाद झाला. मग होडी मधोमध कापली. हे काम मात्र दोघांनी मिळून केलं, कारण दोन मुठींची करवत एकट्याने चालत नाही. त्यानंतर ते बोलले नाहीत. थोरला म्हणून तोंड झानिसकडे गेलं, शेपूट आल्फोन्सकडे. दोघांनी आपापली अर्धी होडी अंगणात उभी केली, तिला दार बसवलं आणि आत माशांना धुरी द्यायला सुरुवात केली. दोन्ही धुरीघरं समोरासमोर, मध्ये वीस पावलांचं गवत.

काहीही कळवायचं असलं तर ते पत्र टाकत. पोस्टाच्या स्काइद्रीतेबाई सायकलवरून येऊन एका दारातून पत्र नेत. ते राजधानीला, रीगाला जाई, तिथे शिक्के खाई आणि चौथ्या दिवशी बाई तेच पत्र दुसऱ्या दारात देत. नव्व्याण्णव साली झानिसच्या धुराड्याने पेट घेतला, तेव्हा आल्फोन्सने तातडीचं पत्र टाकलं होतं. ते तिसऱ्याच दिवशी पोचलं.

रेनार्सला ही हकीकत कळली तेव्हा त्याला तीन रात्री झोप आली नव्हती. त्याआधीची नऊ वर्षं तो कारखान्यांसाठी माहितीपट काढत होता. आग लागल्यास कुठल्या जिन्याने उतरावं, शिडीवर चढताना बूट कसे असावेत. त्या फितींतली माणसं खूप बोलत. त्यामुळे आपला पहिला खरा चित्रपट 'मौन' या नावाचा असेल आणि त्यात एकही शब्द नसेल, असं त्याने निधी देणाऱ्या समितीला लिहून दिलं. सरळ तसंच लिहिलं होतं: एकही शब्द नसेल. शेवटच्या दृश्यात पहाटेच्या धुक्यात दोन अर्ध्या होड्यांमधून दोन धूर वर जातील आणि वर जाऊन एक होतील. भाऊ बोलत नाहीत, धूर बोलतो. हे वाचताना समितीतल्या एका बाईंनी म्हणे चष्मा काढून पुसला. चित्रपट तीस सप्टेंबरच्या आत द्यायचा होता. नाही दिला तर रेनार्सची शिडी तयारच होती.

चौदा महिने त्याने चित्रण केलं. बर्फ, झानिसची पाठ, चपटे मासे, आल्फोन्सची पाठ. आता फक्त धूर राहिला होता. आणि ध्वनिमुद्रण करणारी विझ्मा म्हणाली, की मला इथली एक मिनिटाची शांतता हवी.

"चौदा महिने शांतताच तर घेतोय आपण," रेनार्स म्हणाला.

"ती तुझी शांतता. मला जागेची पाहिजे. प्रत्येक जागेची वेगळी असते, ती सगळ्या चित्रपटाखाली अंथरावी लागते. नाहीतर जोड कळतात."

म्हणून चौदा ऑगस्टला सकाळी सहा वाजून नऊ मिनिटांनी विझ्मा दोन धुरीघरांच्या बरोबर मध्ये गवतात उभी राहिली. दोघे भाऊ आपापल्या दारात लाकडं फोडत होते. विझ्माने कानांवर यंत्र चढवलं, हात वर केला आणि म्हणाली, "सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहा हं."

झानिसने कुऱ्हाड खाली ठेवली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मला गप्प राहायला सांगतेस?" तो म्हणाला. "पोरी, सव्वीस वर्षं मी काय करतोय असं वाटतं तुला?"

"एकच मिनिट, झानिसकाका."

"राहतो की. पण मग त्याला सांग नाकाने शीळ घालू नकोस म्हणून. इथवर ऐकू येतंय."

आल्फोन्स विझ्माकडे बघून म्हणाला, "त्यांना सांग, हे नाक आमच्या वडलांचं आहे. ज्यांना मिळालं नाही त्यांनी जळू नये."

"वडील झोपल्यावर वाजवायचे," झानिस म्हणाला. "हा जागेपणी वाजवतो."

"कोण वाजवतो?"

"तू वाजवतोस."

विझ्माचा हात अजून वरच होता. झानिस 'तू' म्हणाला होता. सगळ्यांनी ते ऐकलं. आल्फोन्सने हातातलं लाकूड हळूच ढिगावर ठेवलं, दिवाणखान्यात फुलदाणी ठेवावी तसं.

"तुझे गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं.

"डावा बरा आहे," झानिस म्हणाला.

रेनार्सने कॅमेरा बंद केला. "काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "आपण न्याहारी करू आणि पुन्हा सुरुवातीपासून घेऊ."

भाऊ भलते सहकार्य करणारे होते. न्याहारीनंतर रेनार्सने सांगितल्यावर दोघेही आपापल्या दारात पाठ करून बसले आणि न बोलण्याचं काम त्यांनी मनापासून केलं. पण काय बिघडलं होतं ते कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसत होतं. आधी त्या दोन पाठी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता त्या नुसत्या वाट बघत होत्या, रस्त्यातून मोटार जाईपर्यंत गप्पा थांबवून उभ्या राहिलेल्या दोन बायकांसारख्या. रेनार्सने 'झालं' म्हणताच आल्फोन्स वळला. "तर मी काय सांगत होतो, ब्याण्णवच्या नोव्हेंबरात—"

कारण ते क्रमाने बोलत होते. मधलं वर्ष सोडायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते ब्याण्णवच्या नाताळापर्यंत आले. तिसऱ्या दिवशी आल्फोन्सची गाय मेली, ती चौऱ्याण्णव सालची. झानिसने टोपी काढून सांत्वन केलं.

रेनार्सने कागदावर हिशेब मांडला. "एका वर्षाला दीड दिवस. म्हणजे बावीस सप्टेंबरच्या सुमारास ते आजच्या तारखेला येतील. मग बोलायला काही उरणार नाही. पुन्हा गप्प होतील. हातात आठ दिवस राहतात."

"तू हे खरंच बोलतोयस?" विझ्माने विचारलं.

"वर्षं सगळी सारखी नसतात, हे मला माहीत आहे. दोन हजार चार जरा मोठं जाईल. त्यात युरोपीय संघात जाणं आहे."

स्काइद्रीतेबाईंनी इतकं थांबायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांच्या सायकलच्या फेरीत महिन्याला चाळीस पत्रं असत, त्यांतली छत्तीस या दोन दारांमधली. "अहो डायरेक्टर," त्या सायकल कुंपणाला टेकवून म्हणाल्या, "तुमचा सिनेमा बुडाला तर तुम्ही दुसरा काढाल. माझी फेरी बुडाली तर मी काय काढू? मोतीबिंदू? त्यांचं भांडण लावा."

"कशावरून लावू?"

"ज्यावरून आधी झालं होतं त्यावरून. होडीचा विषय काढा. म्हणावं, जोडा परत. तोंड कोणाचं यावर दहा मिनिटांत जुंपेल. मी इथंच थांबते. पोस्टाची तिकिटं आणलीत."

रेनार्सने विषय काढला. शेपू घातलेले बटाटे आणि धुरी दिलेला मासा खाताना त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की ती होडी पुन्हा एक झाली तर?

झानिसने आल्फोन्सकडे पाहिलं. आल्फोन्सने झानिसकडे पाहिलं. स्काइद्रीतेबाईंनी पर्स उघडली.

"त्याला दोन मुठींची करवत लागणार नाही," आल्फोन्स म्हणाला. "एका माणसाने धरायचं, एकाने ठोकायचं."

"मी धरतो," झानिस म्हणाला. "तुझे हात चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनार्स उठून बाहेर आला तेव्हा दोन्ही धुरीघरं आडवी पडली होती. चौदा महिने ज्या दृश्यासाठी तो धुक्याची वाट बघत होता ते दृश्य गवतात लोळत होतं आणि त्यावर दोन म्हातारे फूटपट्टी घेऊन रांगत होते. दोन्ही भाग एकमेकांना जुळत नव्हते. इतक्या वर्षांत दोघांनीही कडेची सडकी फळी काढत काढत आपली बाजू तासली होती. मध्ये हातभर होडी कमी पडत होती. ती कुठे गेली यावर भांडण होईल म्हणून रेनार्स कुंपणापाशी उभा राहिला. तासभराने आल्फोन्स म्हणाला, "हा हातभर आपण दोघांनी मिळून जाळला." आणि दोघे इतके हसले, की झानिसला उजव्या गुडघ्यावर बसावं लागलं.

नव्या फळ्या बसल्या. होडी जुन्यापेक्षा चार बोटं लांब झाली. मध्ये पांढरं लाकूड आणि दोन्हीकडे धुराने काळं झालेलं, त्यामुळे ती दुरून नॅपकिन बांधल्यासारखी दिसे. तीन सप्टेंबरला ती पाण्यात घालायची ठरली. तोपर्यंत गप्पा दोन हजार पाचमध्ये पोचल्या होत्या.

त्या पहाटे असं धुकं पडलं, की विझ्माला स्वतःचे बूट दिसेनात. समुद्र कुठे सुरू होतो ते पाय ओला झाल्यावर कळत होतं. होडी चार पावलं गेली आणि नाहीशी झाली. आधी आल्फोन्सची टोपी गेली, मग वल्ही. मग वल्ह्यांचा आवाजही लोकर भरल्यासारखा झाला.

रेनार्सने कॅमेऱ्यात पाहिलं. आत नुसतं दूध होतं. "काही दिसत नाही," तो म्हणाला आणि बॅटरी वाया जायला नको म्हणून त्याने कॅमेरा बंद केला.

विझ्मा मात्र वाळूत मांडी घालून बसली होती. तिने सवयीने झानिसच्या स्वेटरला छोटा माइक लावला होता. दीडेक तासाने तिने कानावरच्या यंत्राची एक बाजू काढून रेनार्सच्या कानाला लावली.

धुक्यात दोन माणसं बोलत होती. वर्षांचा क्रम त्यांनी किनाऱ्यावरच टाकला होता. ते लहानपणात होते. तेव्हा हा किनारा म्हणजे सरहद्द होती; संध्याकाळी सैनिक या वाळूवर दंताळं फिरवून जात, समुद्रातून कोणी आलं किंवा समुद्राकडे कोणी गेलं तर पाऊल उमटावं म्हणून. हे दोघे पहाटे उलटे चालत घरापासून पाण्यापर्यंत जात आणि पाण्यातून लांबवर जाऊन दगडांवरून परत येत.

"दोन बुटके परदेशी गावात घुसलेत म्हणून आठवडाभर शोधत होते," आल्फोन्सचा आवाज म्हणाला.

"आपल्या घरी पण आले होते. आईने त्यांना ताक दिलं."

"दोघांपैकी एक लंगडतो, असंही त्यांनी काढलं होतं."

"तो तू. काच लागली होती."

वल्ही थांबली. फळीवर पाणी चपचप करत होतं.

"एक विचारू?" झानिस म्हणाला. "तुला होडीचं तोंड कशाला हवं होतं?"

"नको होतं. तुला हवं होतं म्हणून हवं होतं."

"मला शेपूटच पाहिजे होती. मोटर शेपटीला असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत नव्हतास."

वल्ही पुन्हा चालू झाली. धुकं किनाऱ्यावर येऊन रेनार्सच्या बाहीवर बसलं. त्याने इतक्या वर्षांत शिडीवरून उतरणारी शेकडो माणसं चित्रित केली होती. एकही माणूस या दोघांइतक्या हळू कुठून उतरला नव्हता. तो विझ्माकडे न बघता म्हणाला, "हाच आहे."

"काय?"

"चित्रपट. पांढरा पडदा आणि हे दोघे. दीड तास. बाकी सगळं काढून टाकायचं."

"मी पंच्याण्णव मिनिटं घेतलंय," विझ्मा म्हणाली. "तू?"

रेनार्सने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग तो धावला. त्याने झाकण काढलं, बटण दाबलं, आणि लाल दिवा लागला त्याच क्षणी पाइनच्या झाडांवरून ऊन आलं आणि धुकं कोणीतरी पांघरूण ओढावं तसं उठून गेलं. तीस हातांवर एका ठिगळाच्या होडीत दोन म्हातारे बसून काळा पाव खात होते. त्यांनी हात केला.

नंतरच्या दोन आठवड्यांत रेनार्सने धुकं मिळेल तिथे चित्रित केलं. खाडीवरचं, दलदलीवरचं, एकदा आल्फोन्सच्या न्हाणीघरातली वाफसुद्धा. विझ्मा प्रत्येक तुकडा आवाजाखाली लावून बघायची आणि मान हलवायची.

"हे ते नाही."

"धुक्यात काय फरक असतो, बाई? पांढरं ते पांढरं."

"यात ते दोघे नाहीत."

"त्यातही दिसत नव्हते."

"दिसत नव्हते," विझ्मा म्हणाली. "पण होते."

यावर रेनार्सने बराच विचार केला आणि ते त्याला पटलं, हीच अडचण झाली. सतरा सप्टेंबरला त्याने स्वच्छ कागद घेतला, समास सोडला आणि लिहिलं:

'प्रति, मुख्य अधिकारी, हवामान खाते, किनारपट्टी विभाग.

विषय: धुके पुन्हा मिळण्याबाबत.

महोदय, दि. ३ सप्टेंबर रोजी सकाळी ६.२० ते ७.५५ या वेळेत वेयराग्स किनाऱ्यावर आपल्या विभागाच्या हद्दीत धुके पडले होते. सदर धुक्यात दोन नागरिक होते. अर्जदाराने काही दिसत नसल्याच्या कारणास्तव त्याचे चित्रण केले नाही, ही अर्जदाराची चूक आहे व ती तो मान्य करतो. सबब, तेच धुके, त्याच घनतेचे, सदर नागरिकांसह, ३० सप्टेंबरपूर्वी सोयीच्या कोणत्याही दिवशी पंच्याण्णव मिनिटांकरिता परत पाठविण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. वल्ही अर्जदार पुरवील. पर्यायी धुके स्वीकारता येणार नाही.'