धोंडूआबांचा पायबंद

धोंडूआबा नवा बैल विकत आणला की तो गोठ्यात बांधण्याआधी स्वतः एक दुपार दावणीला उभे राहत. पायाखाली ओल येते का, माश्या कोणत्या बाजूने येतात, गव्हाण उंच होते का, हे सगळं जातीनं पाहत. कडबासुद्धा चघळत. बैलाला ही व्यवस्था पसंत पडे की नाही ठाऊक नाही, पण आबांचा जबडा पुढे दोन दिवस दुखत असे.

वडिवळ्यात ते आमचे शेजारी. घरात एकटेच. "वानगी घ्यावी" हे त्यांचं पालुपद. तांदूळ घेताना पोत्यातून चार दाणे काढून दाताखाली फोडून बघतात, ती वानगी. आबा ती जगातल्या प्रत्येक गोष्टीची घेत. कुणी नवी चूल घातली की हे तिच्यापुढे बसून धूर खाऊन येत. आई एकदा म्हणाली, "आबा मरायच्या आदी तिरडीवर सुदीक पडून बगतील."

"बगायलाच हवं," आबा शांतपणे म्हणाले. "बांबू टोचतो."

मी मराठी चौथी पास झाले आणि मास्तर घरी येऊन सांगून गेले, पोरीला इंग्रजी शाळेत घाला. आमच्या गावातून तोवर एकही मुलगी गेली नव्हती. वडिलांचा विरोध नव्हता, पण त्यांचा एकच प्रश्न होता. "जायाची कशी?" एक शाळा तळेगावला, एक लोणावळ्याला. दोन्हीकडे जायला कामशेतहून आगगाडी आणि कामशेत आमच्यापासून दोन कोस. शाळा उघडायला पंधरवडा उरला होता. तेवढ्यात सोय दिसली नाही तर मी भात लावायला जायचं, हे ठरलं. मी कोपऱ्यात बसून डोळे पुसत होते.

आबा कुडापलीकडून सगळं ऐकत होते. आत येऊन वडिलांना म्हणाले, "वानगी घेतल्याबिगर न्हाई म्हनू नगंस. मी जाऊन बगतो."

"तुमचं पाऊल केवढं आबा, पोरीचं केवढं."

हे आबांना पटलं. त्यांनी मला अंगणातल्या ओल्या मातीत चालायला लावलं, दोन पावलांमधलं अंतर दोरीनं मोजलं आणि उधळ्या जनावराच्या पायांत घालतात तसा त्या दोरीचा पायबंद स्वतःच्या पायांत घातला. मास्तरांकडून पुस्तकं आणून तराजूत टाकली. तेवढ्याच वजनाचे आंबेमोहोर तांदूळ पिशवीत भरले. झालं दप्तर. दुसऱ्या दिवशी पहाटे, साठीला टेकलेले उंचेपुरे आबा तुरुतुरु पावलं टाकत इंग्रजी पहिलीला निघाले.

वाटेवरची गावं हसून बेजार झाली. "आबा, कुनाच्या पिकात शिरला हुता?" लोक विचारत.

"पोरीच्या पावलानं चाललोय," आबा न थांबता सांगत. "गाडी गावतीय का बगतो."

पहिल्या दिवशी गाडी गावली नाही. दुसऱ्या दिवशी ते बांधावरून खाचरात पडले आणि तांदळासकट चिखलात बसून राहिले, कारण पायबंद घालून उठता येईना. सोडायचा म्हटलं तर वानगी खोटी पडते. शेवटी एका गुराख्याने त्यांना धरून उभं केलं. पण चार दिवसांत त्यांनी आडवाट शोधली, वाटेतल्या शेतकऱ्यांच्या मागे लागून बांधांवरच्या काट्या तोडून घेतल्या आणि गाडी पकडलीच.

आधी लोणावळा. तिथल्या पावसात स्टेशनापासून शाळेपर्यंत जाऊन येईतो पिशवीतले तांदूळ भिजून फुगले. "पुस्तकांचा भात झाला असता," म्हणत आबांनी लोणावळ्यावर फुली मारली. तळेगावहून तांदूळ कोरडे परत आले, तेही दिवेलागणीच्या आत. शाळा तांदळानं ठरवली असं मी पुढे वर्गात सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना.

एकच वानगी अडली. बायकांच्या डब्याची. आबा तरीही चढले. गार्डाने त्यांना पायबंदासकट खाली उतरवलं. तेव्हा माझी आई उठली. जन्मात आगगाडीत न बसलेली ही बाई तळेगावला जाऊन आली आणि वडिलांना म्हणाली, "बाकडं चांगलं हाय. बाया बी चांगल्या हायती. आता जाऊ द्या तिला."

वडिलांनी जाऊ दिलं.

आबा रोज मला कामशेतपर्यंत सोडायला येत. दर जूनला मला चिखलात चालवून दोरीची गाठ दोन बोटं सैल करत. पुन्हा एकदा पायबंद घालून वाट चालून पाहत आणि निघायची नवी वेळ ठरवत. पाऊल वाढलं की माझी झोप तेवढी वाढायची. एकदा मी म्हटलं, "आबा, वाट आता पाठ झाली. तुमी कशाला येता रोज?"

आबा चालतच राहिले. मग म्हणाले, "माज्या काशीला घाटाखाली दिली, तवा लोक म्हनलं वाट चांगली हाय. मी चालून बगितली न्हाई. पयल्याच सनाला म्हायेरी येताना वड्यात व्हावून गेली."

काशीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दावणीला उभे राहणाऱ्या आबांना मी लहानपणापासून हसत आले होते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मॅट्रिकच्या वर्षी जूनमध्ये मी आपण होऊन अंगणातल्या चिखलात चालले आणि त्यांना हाक मारली. आबा दोरी घेऊन आले. त्यांनी माझ्या पावलांकडे बघितलं आणि दोरी पुन्हा खुंटीला अडकवली.

"ऱ्हाऊ दे, चंद्रे," ते म्हणाले. "आता पायबंद नगं. माजंच पाऊल तुज्या त्या चौथीतल्या पावलाएवढं झालंय."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्या वर्षीच्याच वेळेला उठू लागले.