राजे, बिबड्या आणि मी

कुत्र्याचं पिल्लू घरात घ्यायला मी 'हो' म्हणालो, ही माझी पहिली चूक. (पुढच्या चुकाही माझ्याच आहेत.) सासूबाई, म्हणजे बेबाबाई, उन्हाळ्याच्या बिबड्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) करून द्यायला धरणगावहून जळगावला आल्या, त्या पिशवीत ज्वारी आणि पदराखाली ते पिल्लू घेऊन. माझ्या बायकोने, हेमांगीने, त्याचं नाव 'राजे' ठेवलं. मला एकोणीस वर्षांत 'अहो'च्या पुढे बढती मिळालेली नाही.

मग राजेंचं शिक्षण सुरू झालं. दूध पिऊन झालं की हेमांगी त्यांना अंगणातल्या कडुनिंबाखाली नेई आणि मऊ आवाजात विचारी, "झाली का शू?" झाली की "शाब्बास रे माझ्या राजा" म्हणून कुरवाळणं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मीही रोज योग्य जागीच जातो, आतून कडीसुद्धा लावतो. घरात कोणी कधी दखल घेतली नाही.

"एकदा जरी घरात घाण केली, तर आईबरोबर परत धरणगावला," असं हेमांगीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. आई शुक्रवारी जाणार होत्या. गुरुवार उजाडला तरी राजेंच्या हातून चूक होईना. शेवटी त्यांच्या वतीने ती मीच करायचं ठरवलं आणि ऑफिसला रजा टाकली.

गच्चीवर साडी अंथरून थापलेल्या बिबड्या वाळत होत्या. अकराच्या सुमारास मी वर गेलो, तांब्याभर पाणी कोपऱ्यातल्या वीसेक बिबड्यांवर ओतलं, तांब्या टाकीमागे लपवला आणि हाक मारली, "या, बघा तुमच्या राजेंचे प्रताप."

बेबाबाई जिन्याच्या पायथ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. गुडघे धरत वर आल्या. "पानी त् नही सांडनं ना?"

"पाणी कसलं? वास बघा," मी छातीठोकपणे सांगितलं. "मुतलाय तो."

"त्याले त् हेमी सकायमाच दवाखानामा लई गयी."

(इंजेक्शनसाठी. मी तेव्हा योग्य जागी होतो, कडी लावून.) तेवढ्यात फाटक वाजलं आणि हेमांगी राजेंना कडेवर घेऊन वर आली. बेबाबाईंनी आधी बिबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जवाईबापू, तुमना बिगर वर कोनी गयं नही."

आता पाणी आहे म्हणावं, तर का ओतलं ते सांगावं लागणार. दीड महिन्याच्या पिल्लावर जळतो, हे सासूसमोर कबूल करायची हिंमत माझ्यात नव्हती. मी मान खाली घातली. बेबाबाई तोंडाला पदर लावून खाली उतरल्या.

"अहो, कधीपासून होतंय असं?" हेमांगीने हळूच विचारलं.

"आजच," मी म्हणालो.

शुक्रवारी बेबाबाई एकट्याच गेल्या. राजे राहिले. हेमांगी आता दर दोन तासांनी ऑफिसात फोन करते आणि त्याच मऊ आवाजात विचारते, "जाऊन आलात का?" मी 'हो' म्हणतो आणि फोन कानाला धरून जरा वेळ थांबतो. पलीकडून काहीच येत नाही. राजेंना अंगणात न्यायची वेळ झालेली असते.