आठ चिन्हांची भाषा आणि काकूंची वाटी

कॉम्प्युटर विचार कसा करतो, हे मी म्हशीलासुद्धा समजावून सांगू शकतो, असं मी रिठदच्या चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं. म्हैस हजर नव्हती. शालिग्रामकाका हजर होते आणि त्यांनी ते नीट ऐकलं.

काकांची रस्त्यालगतची खोली मला कॉम्प्युटर क्लाससाठी हवी होती. तीच खोली मंडपवाल्या उदयसिंगला खुर्च्या-भांडी ठेवायला हवी होती. जुन्या जागेतून मला निघावं लागणार होतं. ही खोली गेली की क्लास बंद आणि मी सासऱ्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला! काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "मास्तर, त्या डब्याच्या डोक्यात काय होते, हे मले समजलं तं खोली तुही. नाई समजलं तं उदयसिंगची."

मी तर खूश झालो. कारण माझ्याकडे हुकमी एक्का होता! कॉम्प्युटरच्या भाषांमध्ये एक अशी कंजूष भाषा आहे, की तिच्यात फक्त आठ चिन्हं. ओळीने खोकी मांडलेली, प्रत्येकात एक आकडा आणि एका खोक्यावर बोट. बोट उजवीकडे न्या, डावीकडे न्या. आकड्यात एक मिळवा, एक काढा. आकड्याचं अक्षर करून छापा, बाहेरचं अक्षर आत घ्या. उरले दोन कंस, उघडणारा आणि मिटणारा. त्यांचा अर्थ असा, की बोटाखालचं खोकं रिकामं होईपर्यंत कंसातलं काम पुन्हा पुन्हा करा. संपली भाषा! एवढ्यावर जगातला कोणताही हिशेब होतो, फक्त करणाऱ्याला आयुष्य पुरलं पाहिजे. शिवाय हे हातानेही करता येतं, लाइट गेली तरी अडत नाही.

संध्याकाळी काकांच्या अंगणात गाव जमलं. खोकी म्हणून स्टीलच्या वाट्या, आकडे म्हणून सोयाबीनचे दाणे. वाट्या उदयसिंगच्याच होत्या. आपल्याच वाट्यांनी आपली खोली जाऊ शकते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझी बायको रूपाली फळ्यावरची चिन्हं वाचणार आणि काकांच्या घरच्या विजयमालाकाकू बोट होणार. तो मान त्यांनी मागूनच घेतला होता.

काम सोपं होतं. पहिल्या वाटीत तेरा दाणे. त्यातला एक काढायचा, शेजारच्या वाटीत पाच टाकायचे, परत पहिल्या वाटीवर यायचं. पहिली रिकामी झाली की दुसरीत पासष्ट दाणे, आणि पासष्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात इंग्रजीतला मोठा ए.

सुरुवात झोकात झाली. रूपाली वाचत होती, काकूंचा हात सरसर चालत होता, गाव माना डोलवत होतं. मी उदयसिंगकडे बघून मिशीला पीळसुद्धा दिला. पण दुसरी वाटी भरली, शीग लागली, दाणे सतरंजीवर सांडले, कोंबड्या आल्या, तरी काम थांबेना! दर फेरीला रूपाली विचारायची, पहिली वाटी रिकामी झाली का? काकू वाटीत बघून शांतपणे सांगायच्या, नाही.

 मी चारचौघांत रूपालीवर खेकसलो, की तू एक चिन्ह गाळलंस. तिने खडू माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "गाळलं असन तं तुमीच वाचा." मी वाचलं. तरी तेच! उदयसिंगने तर खोलीची रुंदी पावलांनी मोजायला घेतली. माझ्या डोळ्यांपुढे सासरे आणि पुड्यांचा दोरा दिसायला लागला.

तेवढ्यात काका हसायला लागले. म्हणाले, "मास्तर, तुही काकू माप रिकामं ठेवतच नाई. दाना काढते अन् पदरातला एक हळूच टाकते."

"मंग?" काकू म्हणाल्या. "एकदा भरलेलं माप साफ रिकामं कराव का? घरची बरकत जाते."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडलोच, "काका, यालेच हँग म्हंतात! डब्याले वाटी रिकामी दिसतच नाई, म्हनून तो फिरत राह्यते!"

 मग काका मांडीवर थाप मारत म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी माहा फोन नुसता गोल गोल फिरून राह्यला होता, तवा आतमदी कोनीतरी दाना टाकून राह्यलं होतं!"

समजलं होतं! अख्ख्या गावाला समजलं होतं! वाट कशी काढायची, ते मात्र रूपालीने सांगितलं. बरकतीची वाटी वेगळी, काकूंच्या मांडीवर. पदरातले दाणे तिच्यात. काकू राजी झाल्या. पुन्हा मांडलं, पुन्हा चालवलं, पहिली वाटी रिकामी झाली आणि रूपालीने फळ्यावर भलामोठा ए काढला. टाळ्या पडल्या. काकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी रूपालीची माफी मागितली, तीही चारचौघांत. उदयसिंग गुपचूप वाट्या गोळा करत होता. त्या दिवशी मी हवेत होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा क्लास उघडला. दुपार झाली, कुणी फिरकलं नाही. शेवटी रस्त्याने हरीओम जाताना दिसला. त्याची पोरगी निकिता क्लासला पहिलं नाव घालणार होती. मी विचारलं, पोरगी का नाही आली?

"आता कायले, सर?" तो कौतुकाने म्हणाला. "काल सारं समजलंच न. घरी वाट्या हायेत, सोयाबीन हाय. पोरगी सकायपासून कॉम्प्युटर करून राह्यली."

तरी विजय तो विजयच. एका संध्याकाळी अख्खा अभ्यासक्रम संपवणारा मास्तर तालुक्यात मी एकटाच आहे. सध्या फावल्या वेळात सासऱ्यांकडे पुड्या बांधतो.